पायरी क्रमांक चव्वेचाळीस

माणसाला बनवायला अक्कल लागते, मशीनला बनवायला नुसता वेळ लागतो, असं मी सहा महिन्यांपूर्वी छातीठोकपणे सांगत फिरत होतो. ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी उभं राहून, मोठ्या आवाजात! आज तुम्ही मला त्याबद्दल विचारलंत तर मी हवापाण्याचा विषय काढेन. पण तुम्ही काही मला सोडणार नाही, म्हणून आधीच सगळं सांगून टाकतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत आणि त्यातली अकरा वर्षं एकाच खुर्चीत. खुर्चीचं डावं चाक कधीच गेलंय, पण आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतो. आमची कंपनी दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या पेशंटने कुठल्या डॉक्टरकडे किती वाजता जायचं, ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो. चाळीस इंजिनिअर त्यात रोज काहीतरी बदल करतात. ते बदल तपासायचे आणि शेवटचं हिरवं बटण दाबून सगळ्या दवाखान्यांपर्यंत सोडायचे, हे माझं काम. याला आमच्यात रिलीज म्हणतात. घरी मी हे जरा फुगवून सांगतो. हजारो रुग्ण, मोठी जबाबदारी, एक चूक आणि हाहाकार वगैरे!

"म्हणजे बटण दाबता," बायको म्हणते.

तर एके सोमवारी आमच्या मोठ्या बाईंनी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या प्रमुख. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण त्या खोलीत आल्या की आम्ही सगळे आपोआप बसतो.

"उद्यापासून प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये 'सावली' नावाचा प्रोग्रॅम बसेल," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे तो तुमचं काम बघेल, तुमचं बोलणं ऐकेल आणि तुम्ही नेमकं काय करता त्याच्या पायऱ्या लिहून काढेल. ज्यांचं काम बारा पायऱ्यांच्या आत बसतं, ते काम पुढे सावली करेल."

"आणि ती माणसं?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यांच्यासाठी आपण नवीन भूमिका शोधू."

"आणि नाही सापडली तर?"

"शोधत राहू," मोठ्या बाई गोड हसल्या. ते हसू बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी जागेवर आलो, कागद घेतला आणि माझ्या कामाच्या पायऱ्या प्रामाणिकपणे मोजल्या. नऊ! पुन्हा मोजल्या. तरी नऊच! त्यातल्या तीन तर 'वाट बघणे' होत्या. टेस्ट संपायची वाट बघणे, सर्व्हर जागा व्हायची वाट बघणे आणि कोणाची तक्रार येतेय का याची वाट बघणे. खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी! मला दुसरं काय येतं? घरी सांगायची हिंमत नव्हती. बायकोने एकदा "म्हणजे बटणही नाही दाबत?" असं विचारलं असतं, तर मी कुठे बघणार होतो?

माझ्या शेजारी बसतो मानमोड्या. वीस वर्षं फोन खांद्यावर धरून बोलल्याने त्याची मान कायमची डावीकडे कलली आहे, म्हणून त्याला सगळे तसंच म्हणतात. मी माझा बेत त्याला सांगितला.

"सावलीला बारा पायऱ्या हव्यात ना? मी साठ दाखवतो! माझं काम इतकं किचकट करून दाखवतो की ती हात टेकेल."

"अरे, ती शिकणारी आहे," मानमोड्या तिरका बघत म्हणाला. त्याचा त्यात दोष नाही, तो तिरकाच बघतो. "जे दाखवशील ते शिकेल."

"शिकू दे! इतकं शिकवतो की अजीर्ण होईल तिला!"

आणि दुसऱ्या दिवसापासून मी सुरू झालो. रिलीजआधी लॅपटॉपचा उजेड कमी करायचा, मग वाढवायचा. कागदावर चारचा आकडा लिहायचा आणि खोडायचा. उठून खुर्चीभोवती एक फेरी मारायची. मानमोड्याला विचारायचं, "वारा कुठून आहे?" आणि त्याने म्हणायचं, "खिडकीकडून." आमच्या खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. तिथून गेल्या अकरा वर्षांत वारा आलेला नाही! मग कंपनीच्या पहिल्या वर्षातली एक जुनी फाइल उघडायची आणि तीनशे अकराव्या ओळीवर जायचं. तिथे कोणा सोडून गेलेल्या इंजिनिअरने लिहून ठेवलंय, 'हे का चालतं ते मला माहीत नाही. कृपया हात लावू नका.' ती ओळ वाचून मी गंभीरपणे म्हणायचो, "हं."

लॅपटॉपच्या कोपऱ्यात सावलीचा छोटा करडा ठिपका लुकलुकायचा. लिहितेय, लिहितेय! मला गुदगुल्या व्हायच्या.

तिसऱ्या आठवड्यात त्रेचाळीस पायऱ्या झाल्या आणि कल्पना संपल्या. चष्मा तर तीनदा पुसून झाला होता. अकरा वाजले होते, ठिपका माझ्याकडे बघत होता आणि समोर फोन होता. मी उचलला आणि बायकोला लावला.

बायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, झगा सैल करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. दुसऱ्यांनी बिघडवलेलं ती सरळ करते. फोन उचलला तेव्हा मागे शिलाई मशीनचा खडखडाट चालू होता.

"अहो, काय झालं? बरं आहे ना?"

"काही नाही गं. सहज."

खडखडाट थांबला. लग्नाच्या सतरा वर्षांत मी तिला ऑफिसातून चार वेळा फोन केला होता आणि चारही वेळा किल्लीसाठी.

"सहज?" ती म्हणाली.

आता सावली ऐकत होती. नुसतं सहज कसं चालेल? कामाचं काहीतरी हवं! म्हणून मी म्हटलं, "एक रिलीज आहे. तुला विचारावंसं वाटलं. करू का?"

"मला काय कळतंय त्यातलं! काय आहे ते?"

मी सांगितलं. पेशंटला आठवणीचा मेसेज एक दिवस आधी जायचा, तो आता दोन दिवस आधी जाणार होता. तिने जरा विचार केला.

"उसवता येतं का?"

"काय?"

"अहो, चुकलं तर उसवता येतं का? परत पहिल्यासारखं करता येतं का?"

"हो, येतं."

"शिवणीत माया किती ठेवलीय?" माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड, पुढे सैल करायची वेळ आली तर लागतं ते. मी म्हटलं, मेसेज उशिरा गेला तरी पेशंटच्या हातात एक दिवस उरतो. ती म्हणाली, "बरं. आणि आधी एखाद्या गिऱ्हाईकाला घालून बघितलंय का?"

"एका दवाखान्यात बघितलंय."

"मग करा की! विचारताय काय!"

मी बटण दाबलं. ठिपका लुकलुकला. चव्वेचाळीस!

मग काय, रोज अकरा वाजता फोन, आणि फोननंतर करायच्या आणखी सतरा पायऱ्याही सुचल्या! ती रोज तेच तीन प्रश्न विचारायची आणि मी उत्तरं द्यायचो, माहीत नसलं तर आधी तपासून. आठवड्याभरात घरातलं हवामान बदललं. मला चांगला टॉवेल मिळू लागला, जो एरवी पाहुण्यांसाठी कपाटात असतो तो! शेजारच्या चप्पलवाल्या बाईला तिने सांगितलं होतं, "अकराला यांचा फोन असतो, तेवढं गिऱ्हाईक तू बघ." हे मला चप्पलवालीनेच सांगितलं, आणि वर "सतरा वर्षांनी हो!" असंही म्हणाली. मला थोडं कसंतरी झालं. पण मी स्वतःला म्हटलं, नोकरीही टिकतेय आणि बायकोही खूश आहे, मग तुझं काय दुखतंय?

सहा आठवडे संपले आणि मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या समोर सावलीचा अहवाल होता.

"एकसष्ट!" त्या म्हणाल्या. "एकसष्ट पायऱ्या! माझ्या कंपनीत असं काम चाललंय आणि मला पत्ताच नाही!"

"आपलं... चालू असतं मॅडम," मी नम्रपणे म्हटलं.

"आणि हे बघा, सावलीने काय शोधलंय. ज्या दिवशी तुम्ही सगळ्या पायऱ्या केल्या, त्या दिवशी एकाही दवाखान्याची तक्रार नाही. एकही नाही! सहा आठवड्यांपूर्वी रोज तीन यायच्या."

हे मला नवीन होतं. पण बक्षीस मिळताना कोणी चौकशी करतं का?

"म्हणून मी ठरवलंय," मोठ्या बाई उभ्या राहिल्या, त्यामुळे फारसा फरक पडला नाही, "की सोमवारपासून चाळीसही इंजिनिअर आपापलं रिलीज स्वतः करतील आणि सावली त्यांच्याकडून या एकसष्ट पायऱ्या करवून घेईल. एकही गाळायची नाही! तुम्ही फक्त देखरेख करा. तुम्ही आता गुरू!"

मी हवेत तरंगत बाहेर आलो. मानमोड्याला म्हटलं, "बघितलंस? हात टेकले तिने!"

"मला नाही वाटत," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी मी देखरेखीला उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांदेखत चाळीस माणसं चाळीस खुर्च्यांभोवती फेऱ्या मारू लागली. अर्ध्या तासात दोन टकरा झाल्या आणि एकाच्या कॉफीने दुसऱ्याचा कीबोर्ड गेला. सगळीकडे चष्मे पुसणं चाललं होतं. ज्यांना चष्मा नव्हता त्यांनी इकडून तिकडून मागून आणले होते. कोपऱ्यातल्या एकीच्या स्क्रीनवर लाल अक्षरं झळकली, 'हं अपुरा आहे. कृपया मनापासून म्हणावे.' ती बिचारी तीनशे अकराव्या ओळीसमोर बसून हं, हं, हंऽऽ करत होती. शेवटी तिने ती ओळ खरोखर वाचली, कपाळाला हात लावला आणि तिच्या तोंडून असा काही हुंकार निघाला की सावलीने तो लगेच मान्य केला.

'वारा कुठून आहे' पाशी तर रांग लागली! तो प्रश्न मानमोड्यालाच विचारायचा, असं सावलीच्या नोंदीत होतं. दिवसभर माणसं येऊन विचारत होती आणि तो "खिडकीकडून, खिडकीकडून" करत होता. तिसऱ्या दिवशी सावलीने खोलीत वारा आहे का ते तपासलं आणि नाही म्हणून सगळं काम अडवलं. मग ऑफिस सांभाळणाऱ्या विभागाने एक टेबल फॅन आणून खिडकीत ठेवला. वारा खिडकीकडून येऊ लागला आणि रिलीज सुटलं.

पहिल्या दिवशी, सोमवारीच, मी मनाशी म्हटलं होतं, असू दे, दोन आठवड्यांत कंटाळतील. तेवढ्यात माझा फोन वाजला. बायको!

"अहो, तुमच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला होता. 'सल्लागार मॅडम, रिलीज करू का?' म्हणाली."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पायरी क्रमांक चव्वेचाळीस! मी धावत जाऊन यादी बघितली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'ज्येष्ठ सल्लागारांना फोन. त्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये.' खाली बायकोचा नंबर होता.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! उसवता येतं का विचारलं. तिला माहीतच नव्हतं! म्हटलं, बाळ, आधी माहीत करून घे आणि मग फोन कर. बरोबर ना?"

"ब... बरोबर."

"पण अहो, मला कशाला विचारतात?"

आता इथे खरं सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे अकराच्या फोनबद्दलही सांगायचं. मग चांगला टॉवेल गेला, आणि टॉवेलचं सोडा, तिचा तो "सहज?" माझ्या कानात अजून होता. मी म्हटलं, "अगं, मी तुझे प्रश्न सगळ्यांना सांगितले. त्यांना फार आवडले!"

"इश्श!" बायको म्हणाली आणि माझा सगळा धीर सुटला.

पहिल्या दिवशी तिला नऊ फोन गेले, दुसऱ्या दिवशी एकवीस आणि तिसऱ्या दिवशी सदतीस! प्रत्येकाला तेच तीन प्रश्न. निम्म्यांना ती परत पाठवत होती. "एकाही दवाखान्यात घालून बघितलं नाही? मग कशाच्या जोरावर विचारतोस रे?" असं तिने एका पंधरा वर्षं अनुभव असलेल्या इंजिनिअरला झापलं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सल्लागार बाई कडक आहेत, पण एक सांगू? बरोबर बोलतात!"

मला आता झोपेतही शिलाई मशीनचा खडखडाट ऐकू यायला लागला होता.

आणि गुरुवारी दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली गोष्ट दुकानात झाली. बायकोने एका वकीलसाहेबांची पँट आखूड करायला घेतली होती. खांद्यावर फोन, हातात कात्री! एका इंजिनिअरला ती माया कशी ठेवायची ते समजावत होती आणि त्या भरात तिने पँटचा एक पाय गुडघ्यापाशी कापला. बावीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा! वकीलसाहेब पडद्यामागे पँटची वाट बघत उभे होते. तिने फोन बंद केला.

दुसरी गोष्ट ऑफिसात झाली. मोठ्या बाईंचा एक लाडका बदल त्याच दिवशी तीन वाजता सुटायचा होता. 'पेशंटला जवळचा डॉक्टर आपोआप मिळेल' अशी ती सोय होती. मोठ्या बाईंनी ती बड्या बड्या दवाखान्यांना तोंडभरून सांगून ठेवली होती. सकाळी बायकोने ती एका फटक्यात अडवली होती. "उसवता येत नाही? मग नाही!" आणि आता तर तिचा फोनच बंद. सावलीने सगळ्यांची कामं रोखून धरली. चाळीस इंजिनिअर चव्वेचाळिसाव्या पायरीवर हातावर हात ठेवून बसले.

मोठ्या बाई केबिनमधून बाहेर आल्या. खोलीतले सगळे बसले, जे आधीच बसले होते ते जरा आणखी बसले.

"ही सल्लागार आहे तरी कोण?" त्यांनी मला विचारलं. "कुठल्या कंपनीची? मला 'नाही' म्हणते? आत्ताच्या आत्ता बोलवा तिला!"

"ती... बोलवायची गरज नाही मॅडम," मानमोड्या म्हणाला. त्याची मान दाराकडेच कलली असल्याने त्याला ती आधी दिसली.

दारात बायको उभी होती. गळ्यात टेप, केसांत खडूची पूड आणि हातात एक पाय पूर्ण, एक पाय अर्धा अशी पँट!

"इथं मुख्य कोण आहे?" ती म्हणाली. "तुमची माणसं मला दिवसाला सदतीस फोन करतात. माझ्या दुकानात एक वकील उघड्या पायांनी उभा आहे!"

"तुम्ही सल्लागार?" मोठ्या बाई तिच्या टेपकडे बघत राहिल्या.

"मी यांची बायको."

खोलीत कोणी श्वास घेत नव्हतं, टेबल फॅन तेवढा घेत होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एकसष्ट पायऱ्यांची यादी लागलेली होती. बायको ती वाचू लागली. मी मनात म्हटलं, वाचू नकोस गं, लांब आहे. ती एकेक ओळ वाचत खाली आली.

"त्रेचाळीस, चष्मा पुसणे, तिसऱ्यांदा. चव्वेचाळीस, सल्लागारांना फोन. पंचेचाळीस, खुर्चीभोवती फेरी." ती थांबली. माझ्याकडे वळली. "म्हणजे ते अकराचे फोन..."

"अगं, ऐक तर—"

"चष्मा पुसणं आणि खुर्चीला फेरी मारणं यांच्या मधे होते मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस माणसं, मोठ्या बाई, मानमोड्या, सावलीचा ठिपका, सगळे माझ्याकडे बघत होते. मी सगळं बोलून टाकलं. माझ्या पायऱ्या नऊच आहेत, त्यातल्या तीन वाट बघण्याच्या आहेत, बाकीच्या बावन्न मी नोकरी जाईल या भीतीने रचल्या. फेरी खोटी, वारा खोटा, हं खोटा!

"हं पण खोटा?" कोपऱ्यातली ती बिचारी कळवळली.

"आणि 'सहज'?" बायकोने विचारलं.

मी पडद्यावरची चव्वेचाळिसावी ओळ वाचू लागलो. तिने पँटची घडी घातली, अर्ध्या पायाचीसुद्धा.

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे सल्लागार वगैरे काही नाहीच! चव्वेचाळिसावी पायरीही बोगस! सरका, मी स्वतः सोडते माझं रिलीज!" त्या माझ्या लॅपटॉपकडे निघाल्या.

"सोडा की," बायको म्हणाली. "तुमचं कापड, तुमची कात्री. पण उसवता येतं का तेवढं सांगा, मग मी जाते."

मोठ्या बाईंनी मानमोड्याकडे बघितलं. "येत नाही," तो म्हणाला.

"मग निदान एका गिऱ्हाईकाला घालून बघा. त्याला किती वेळ लागतो?"

"पाच मिनिटं," मी म्हटलं.

मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. मग बायकोकडे बघितलं. दोघींची उंची सारखीच निघाली. "बघा," मोठ्या बाई म्हणाल्या.

आम्ही गावाबाहेरच्या एका दाताच्या दवाखान्याला तेवढा बदल सोडला. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसऱ्या मिनिटाला फोन वाजला आणि मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो!" पलीकडे दाताचे डॉक्टर किंचाळत होते. "येत्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझ्याकडे चार हजार एकशे बारा पेशंट लागलेत! सगळे नऊ वाजता! त्यातल्या सहाशे बायका बाळंतपणासाठी! माझ्याकडे एकच खुर्ची आहे हो!"

मोठ्या बाई पहिल्यांदाच आमच्यासमोर खाली बसल्या, आणि नेमक्या माझ्या खुर्चीत! डावं चाक नसल्याने त्या डावीकडे कलल्या आणि मानमोड्याच्या रेषेत आल्या. हेच सगळ्या दवाखान्यांत सुटलं असतं तर काय झालं असतं, ते कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही.

"एका दवाखान्याचं हाताने निस्तरता येईल," मी हळूच म्हटलं. ते काम मी संध्याकाळपर्यंत केलं, चार हजार एकशे बारा वेळा.

मग निर्णय झाले. सावलीची यादी साफ केली गेली. नऊ पायऱ्या उरल्या आणि त्यात एक दहावी आली, बायकोची! तक्रारी थांबल्या होत्या त्या फेऱ्यांनी नव्हे, तिच्या तीन प्रश्नांनी, हे सावलीने स्वतः दोन मिनिटांत काढून दाखवलं. तीच बया आधी का बोलली नाही, तर म्हणे तिला कोणी विचारलंच नव्हतं! मोठ्या बाईंनी बायकोला रीतसर सल्लागार नेमलं. बायकोने अटी घातल्या. फोन फक्त अकरा ते साडेबारा, सगळ्यांनी रांगेत यायचं आणि कात्री हातात असताना कोणी बोलायचं नाही. वकीलसाहेबांना नवी पँट कंपनीने द्यायची.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमच्या पायऱ्या नऊ," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाराच्या आत. नियम तो नियम. ते काम आता सावली करेल."

मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागलो.

"पण नवीन भूमिका सापडली आहे," त्या पुढे म्हणाल्या. "कंपनीत कोणीकोणी सावलीला खोट्या पायऱ्या शिकवल्यात, ते शोधून काढायचं. या कामाचा तुमच्याइतका अनुभव इथे कोणालाच नाही!"

तर आता मी तेच करतो. आणि चांगलं करतो, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पहिल्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे एक साहेब सापडले, ते दर बैठकीआधी प्लॅस्टिकच्या झाडाला पाणी घालत होते. दुसरा सापडला मानमोड्या! त्याने स्वतःच्या यादीत 'वाऱ्याची दिशा सांगणे' ही खास कौशल्याची पायरी म्हणून घातली होती. एकूण तेरा पायऱ्या झाल्या होत्या त्याच्या, आणि मला वर शहाणपण शिकवत होता! मी त्याला पकडलं नाही. त्याच्याशिवाय जेवायला कोणाबरोबर बसू?

घरी मात्र चांगला टॉवेल परत कपाटात गेला. बायको माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. "भाजी चिरायची आहे," "दार लावा," एवढंच. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा तिने विचारलं, "हे कितव्या पायरीचं?"

मग काल सकाळी मी ठरवलं. अकरा वाजता लॅपटॉप बंद केला, ठिपका मावळल्याची खात्री केली आणि फोन घेऊन जिन्यात गेलो, जिथे बघायला कोणी नाही आणि ऐकायलाही कोणी नाही. बदल नाही, रिलीज नाही, काही नाही. बायकोचा आवाज ऐकायचा होता, बस्स. मी नंबर लावला. मनात म्हणत होतो, या वेळी ती 'काय झालं' म्हणाली की मी सांगणार, काही नाही गं, सहज, आणि या वेळी ते खरं असणार.

फोन लागला. तिचाच आवाज आला, पण रेकॉर्ड केलेला.

"नमस्कार. आपण रांगेत आहात. आपला क्रमांक चव्वेचाळीस. तोवर उसवता येतं का ते बघून ठेवा."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि फोन कानाला धरून ठेवला. वाट बघणं मला येतं. माझ्या खऱ्या नऊ पायऱ्यांतल्या तीन त्याच तर होत्या!